अठरा हजार श्लोक तोंडपाठ असणाऱ्या पंडिता रमाबाई शेवटची वर्षं हिब्रू आणि ग्रीक का शिकत बसल्या होत्या?

लातूरहून पुण्याला रेल्वेने येताना दौंड मागे पडलं की थोड्या वेळात केडगाव नावाचं स्टेशन लागतं. एक्सप्रेस गाडीतल्या बहुतेकांचं तिकडे लक्षही जात नाही. पण सव्वाशे वर्षांपूर्वी या गावाचं नाव इंग्लंड-अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत छापून येत होतं. दुष्काळातून वाचवून आणलेल्या जवळपास दोन हजार मुली आणि बायका इथे एका छपराखाली राहत होत्या, शिकत होत्या, शेती करत होत्या, छापखाना चालवत होत्या.

हे सगळं उभं करणारी बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

शाळेच्या पुस्तकात त्यांच्याबद्दल दोन ओळी असतात. स्त्रीशिक्षणाचं काम केलं, शारदा सदन काढलं. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला हे एका वाक्यात उरकलं जातं, कधीकधी तेवढंही नाही. पण रमाबाईंच्या आयुष्यातून त्यांची श्रद्धा बाजूला काढली तर त्यांनी घेतलेले अर्धे निर्णय कळतच नाहीत. आणि ही श्रद्धा कुणी सांगितलं म्हणून मान डोलावणारी नव्हती. त्यांनी ती एखाद्या शास्त्रासारखी अभ्यासली, तिच्यासाठी बिशपांशी भांडल्या, पुण्यातली माणसं गमावली आणि शेवटपर्यंत रोजच्या कामात तिचा हिशोब दिला.

ही शिस्त त्यांच्यात आली कुठून, हे समजायचं तर सुरुवात त्यांच्या वडिलांपासून करावी लागते.

बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून जंगलात जाऊन राहिलेले शास्त्रीबुवा

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे मोठे विद्वान. तरुणपणी ते पुण्यात रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे शिकत होते. हे साठेशास्त्री दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवायला वाड्यावर जात. एका बाईच्या तोंडून संस्कृत श्लोक ऐकून अनंतशास्त्र्यांच्या मनात भरलं की आपणही बायकोला शिकवायचं.

पहिल्या बायकोच्या वेळी घरच्यांनी ते होऊ दिलं नाही. ती वारल्यावर पुढे एका यात्रेत गोदावरीकाठच्या एका गावी त्यांची एका गृहस्थांशी भेट झाली. ते गृहस्थ बायको-मुलींना घेऊन तीर्थयात्रेला निघाले होते. त्यांनी आपली नऊ वर्षांची मुलगी अनंतशास्त्र्यांना दिली. अनंतशास्त्री तेव्हा चाळिशी ओलांडलेले. आज हे वाचताना अंगावर काटा येतो, तेव्हा ती रीत होती. हीच मुलगी म्हणजे लक्ष्मीबाई, रमाबाईंची आई.

अनंतशास्त्र्यांनी तिला संस्कृत शिकवायला सुरुवात केली आणि गावकी उठली. उडुपीला पंडितांच्या सभेपुढे उभं राहून त्यांना शास्त्राधार द्यावे लागले. बायकांना संस्कृत शिकवायला बंदी नाही हे त्यांनी तिथे पटवून दिलं, तरी त्रास थांबला नाही. शेवटी ते पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या जंगलात जाऊन राहिले. तिथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

रमाबाई काही महिन्यांच्या होत्या तेव्हा कुटुंबाने जंगलही सोडलं. लहानग्या रमेला टोपलीत घालून, टोपली डोक्यावर घेऊन प्रवास सुरू झाला. पुढची कित्येक वर्षं हे कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत राहिलं. देवळात, नदीकाठी पुराण सांगायचं, लोक देतील त्यावर जगायचं, उरलेलं दान करायचं.

या सगळ्यात आईने रमेची शिकवणी सोडली नाही. दिवसभर प्रवास आणि घरकाम, म्हणून पहाटे उजाडण्याआधी मुलीला उठवून पाठांतर घ्यायचं. पुस्तकं फार नव्हती. जे शिकायचं ते डोक्यात साठवायचं. सोळा वर्षांच्या वयात रमाबाईंना भागवत पुराणाचे अठरा हजार श्लोक पाठ होते.

पुढे धर्म बदलला, देश बदलले, भाषा बदलल्या, पण पहाटे उठून मूळ ग्रंथापासून सुरुवात करायची ही सवय कधी बदलली नाही.

आईचा देह डोक्यावर घेऊन स्मशानात

१८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला.

दुष्काळ म्हणजे काय हे मराठवाड्याला सांगावं लागत नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पण तेव्हा निदान रेल्वे होती, सरकार होतं, टँकर होते. रमाबाईंच्या कुटुंबाकडे यातलं काहीच नव्हतं. भिक्षा मागायची नाही, अंगमेहनतीचं काम येत नाही, पुराण ऐकायला येणारे लोक स्वतःच उपाशी. होतं ते विकून संपलं, मग झाडपाल्यावर दिवस काढले.

१८७४ मध्ये आधी वडील गेले. काही महिन्यांत आई गेली. मोठी बहीणही गेली. आईला स्मशानात न्यायला माणसं मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथा खांदा रमाबाईंचा. त्या उंचीने लहान होत्या, खांद्यावर तिरडी पेलेना. म्हणून ते ओझं त्यांनी डोक्यावर घेतलं आणि काही मैल चालत नेलं.

त्यानंतर दोघं बहीण-भाऊ हजारो मैल पायी फिरले. पार काश्मीरपर्यंत गेले. झेलम नदीच्या काठी थंडीत अंगावर पांघरूण नव्हतं, तेव्हा वाळूत खड्डे खणून त्यात स्वतःला गळ्यापर्यंत पुरून घेऊन त्यांनी रात्र काढली.

या काळात त्यांनी एकही व्रत, उपवास, तीर्थ सोडलं नव्हतं. पण ज्या देवांसाठी हे सगळं केलं त्यांच्यावरचा विश्वास मात्र एकेक पाऊल मागे पडत गेला.

कलकत्त्यात मिळालेली पदवी आणि दोन वर्षांत संपलेला संसार

१८७८ मध्ये हे दोघं कलकत्त्याला पोहोचले. वीस वर्षांची मराठी मुलगी अस्खलित संस्कृतात बोलते, श्लोक रचते, हे बघून तिथले पंडित थक्क झाले. त्यांची परीक्षा घेतली गेली आणि त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या गेल्या. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचायला दिले. तोपर्यंत बाईने वेद वाचायचे नसतात असंच त्या मानत होत्या. वेद, उपनिषदं, धर्मशास्त्रं वाचून झाली. बायका आणि शूद्रांबद्दल तिथे काय लिहिलंय हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं आणि त्या अस्वस्थ झाल्या.

१८८० मध्ये भाऊ श्रीनिवास ढाक्याला वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. ते शूद्र मानल्या गेलेल्या जातीतले. म्हणजे आंतरजातीय, आंतरप्रांतीय आणि तेही नोंदणी लग्न, १८८० साली. आसामातल्या सिल्चरला संसार सुरू झाला. १८८१ मध्ये मुलगी झाली, मनोरमा.

सिल्चरच्या घरातल्या पुस्तकांत रमाबाईंना लूकच्या शुभवर्तमानाची एक छोटी बंगाली प्रत सापडली. तिथल्या एका बॅप्टिस्ट मिशनऱ्याकडून त्यांनी आणखी माहिती घेतली. हा धर्म स्वीकारावा असं त्यांना वाटू लागलं, नवऱ्याला ते पसंत नव्हतं. हा वाद पुढे जाण्याआधीच फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबिहारी कॉलऱ्याने गेले.

तेविसाव्या वर्षी विधवा, कडेवर दहा महिन्यांची पोर आणि सासर-माहेर दोन्ही नाही. त्या पुण्याला आल्या.

पुण्यातून इंग्लंड

पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि प्रार्थना समाजाच्या मंडळींनी त्यांना साथ दिली. १८८२ मध्येच आर्य महिला समाजाची स्थापना झाली, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक निघालं. त्याच वर्षी त्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. मुलींच्या शाळेत शिक्षिका हव्यात आणि बायकांसाठी बायका डॉक्टर हव्यात, ही मागणी त्यांनी सरकारी दरबारात मांडली.

स्वतः डॉक्टर व्हायचं त्यांच्या मनात होतं. पुस्तकाच्या पैशांतून तिकिटाची सोय करून १८८३ मध्ये त्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. पण कान अधू असल्यामुळे वैद्यकीय शिक्षण शक्य नाही, हे तिथे गेल्यावर कळलं.

वाँटेज इथे सेंट मेरी मठाच्या सिस्टर्सकडे त्यांचा मुक्काम होता. निघताना त्यांनी धर्म बदलणार नाही असं सांगितलं होतं. मग काय झालं?

दोन गोष्टी झाल्या. पहिली, लंडनच्या फुलहॅम भागातलं एक घर. समाजाने टाकलेल्या, बदनाम ठरवलेल्या बायकांना तिथे ख्रिस्ती सिस्टर्स सांभाळत होत्या, शिकवत होत्या, माणसासारखं वागवत होत्या. अशा बाईला धर्मशास्त्र काय शिक्षा सांगतं हे रमाबाईंना पाठ होतं. इथे धर्माच्याच नावाने तिला पुन्हा उभं केलं जात होतं. यामागे काय आहे हे त्यांनी विचारलं, तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली येशू आणि शोमरोनी बाईची गोष्ट सांगण्यात आली.

दुसरी गोष्ट म्हणजे नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांचं लिखाण. गोऱ्हे हे काशीचे मराठी पंडित, १८४८ मध्ये ख्रिस्ती झालेले. रमाबाईंना ज्या भाषेत तर्क पटतो, त्याच शास्त्री पद्धतीने त्यांनी पत्रातून मांडणी केली होती.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. त्याच्या थोडंच आधी, त्यांच्यासोबत इंग्लंडला आलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली होती. म्हणजे हा निर्णय मोठ्या दुःखाच्या सावलीत झाला.

पुण्यात बातमी पोहोचली आणि वादळ उठलं. कालपर्यंत डोक्यावर घेणाऱ्यांना हा विश्वासघात वाटला. त्या वेळी जाहीरपणे रमाबाईंची बाजू घेणाऱ्या मोजक्या लोकांमध्ये जोतीराव फुले होते. १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी रमाबाईंच्या निर्णयाचं समर्थन केलं.

धर्म स्वीकारला, पण मान तुकवली नाही

आता चर्चला वाटलं की एक विद्वान, नामांकित हिंदू बाई आपल्याकडे आली, आता ती आपण सांगू तसं वागेल. तसं झालं नाही.

रमाबाईंनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. देव एक आणि त्रैक्यही, हे बायबलमध्ये नेमकं कुठे सांगितलंय? बाप्तिस्मा घेतल्यावर बिशपांचा प्रत्येक शब्द मानलाच पाहिजे का? सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शक. दोघींची या विषयांवरची लांबलचक पत्रं आजही अभ्यासली जातात. सिस्टर आज्ञापालनाबद्दल लिहीत, रमाबाई ग्रंथाचा आधार मागत. उडुपीच्या सभेत शास्त्राधार देणाऱ्या बापाची ही मुलगी होती.

छोट्या गोष्टींतही हेच. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं होती. ती संस्कृतात का नकोत, असा त्यांचा सवाल होता. लॅटिन हिंदुस्थानातल्या कुठल्या बाईला कळणार? त्या शाकाहारी होत्या, तशाच शेवटपर्यंत राहिल्या. पेहराव बदलला नाही. ख्रिस्ती होणं म्हणजे इंग्रज होणं नव्हे, हे त्यांनी पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं.

१८८४ पासून त्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात संस्कृत शिकवत आणि स्वतः गणित, विज्ञान, इंग्रजी शिकत. तिथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं अशी चर्चा निघाली तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात त्या पंडितांच्या सभांमधून बोलल्या होत्या आणि इथे चर्च त्यांना बाई म्हणून अडवत होतं. रमाबाईंनी हे खपवून घेतलं नाही, पत्रातून स्पष्ट विरोध नोंदवला.

अमेरिका, शारदा सदन आणि १८९३

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि जवळपास तीन वर्षं अमेरिकेत राहिल्या. ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे त्यांचं इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये आलं. बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झालं. विधवांच्या शाळेला दहा वर्षं मदत करायचं या मंडळाने कबूल केलं. अट एक होती, शाळेत कुठलाही धर्म शिकवायचा नाही.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. सुरुवातीच्याच विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई होत्या. १८९३ मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. १८९० मध्ये सदन पुण्याला आलं.

इथे त्यांच्या श्रद्धेची आणि शब्दाची टक्कर झाली. रमाबाई वर्गात धर्म शिकवत नव्हत्या. मुलींना आपापले आचार पाळायची मोकळीक होती. पण रमाबाई स्वतःच्या खोलीत रोज प्रार्थना करायच्या आणि दार उघडं असायचं. काही मुली येऊन बसू लागल्या. रमाबाईंचं म्हणणं असं की मी कुणाला बोलावत नाही, पण आलेल्या मुलीला हाकलणारही नाही.

पुण्यातल्या सुधारकांना हे पटलं नाही, आणि त्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. विधवा मुलींना शाळेत पाठवा म्हणून त्यांनीच घरोघरी आपली पत घातली होती. मुली ख्रिस्ती होऊ लागल्या तर उद्या कुणीही मुलीला शाळेत पाठवणार नाही, ही भीती खोटी नव्हती. ज्या बाईंचं खोलीभर राज्य आहे, जिच्यावर मुली जीव टाकतात, तिचं उघडं दार हेच आमंत्रण नाही का, हा प्रश्नही रास्त होता. ‘केसरी’तून टीकेची झोड उठली. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. वीसपेक्षा जास्त मुली पालकांनी काढून नेल्या.

रमाबाईंनी दार बंद केलं नाही. त्याची किंमत म्हणून मराठी सुधारकांच्या वर्तुळातली त्यांची जागा गेली, ती कायमची.

गंमत म्हणजे त्या स्वतः या काळात आपल्याच श्रद्धेवर समाधानी नव्हत्या. धर्म बुद्धीला पटला होता, पण ख्रिस्त जवळचा वाटत नव्हता, असं त्यांनी पुढे आपल्या साक्षीत मांडलं. १८९१ च्या सुमारास त्यांना तो अनुभव आला आणि त्यानंतर त्यांची वाट अधिक उघडपणे ख्रिस्ती झाली.

केडगाव: प्रार्थना आणि पोटापाण्याचं वेळापत्रक

पुणे-सोलापूर रेल्वेलाइनवर केडगावला त्यांनी जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडं लावली. बाहेरची मदत थांबली तरी संस्था जगावी हा हिशोब होता.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. बातम्या वाचून रमाबाईंना स्वतःचे १८७४ चे दिवस आठवले. त्या उठून तिकडे गेल्या. अनाथ मुली, विधवा, दलालांच्या हाती लागण्याच्या बेतात असलेल्या पोरी अशा शेकडो जणींना त्यांनी आणलं. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून सगळ्यांना केडगावच्या शेतावर नेलं. तिथेच मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार माणसांचं रोजचं जेवण, कपडे, आजारपण. पगारी कर्मचारी फार नाहीत आणि पैशाची हमी कुणाची नाही. मग हे चाललं कसं?

तर कामाच्या वाटणीने. पहाटे प्रार्थना, मग शाळा आणि प्रत्येकीला एक हुन्नर. विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, गाईगुरं, शेती, धुलाई, स्वयंपाक, छापखाना. शारदा सदन शिक्षणासाठी, कृपा सदन फसवल्या गेलेल्या बायकांसाठी, प्रीती सदन म्हाताऱ्या आणि अपंगांसाठी. अंध मुलींसाठी वेगळी सोय. मनोरमा अमेरिकेतून ब्रेल शिकून आल्या आणि त्यांनी या मुलींना वाचायला शिकवलं. फुलहॅमला बघितलेलं ते घर आता महाराष्ट्राच्या माळरानावर उभं होतं, शेकडो पटींनी मोठं.

१९०५ मध्ये इथे प्रार्थनेची मोठी लाट आली. शेकडो मुली तासन् तास प्रार्थनेत असत. जगभरच्या पेन्टेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात केडगावचं नाव यामुळे येतं. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी यावर लिहिलेलं पुस्तक थेट दक्षिण अमेरिकेतल्या चिलीपर्यंत पोहोचलं आणि तिथल्या चळवळीला कारण ठरलं.

टीका इथेही सुटली नाही. उपाशी मुलींना धर्म देणं ही खरी निवड म्हणायची का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. केडगाव हे शारदा सदनासारखं धर्मनिरपेक्ष नव्हतं, ते उघडपणे ख्रिस्ती होतं. पण त्या मुलींसमोर तेव्हा दुसरा कुठला दरवाजा उघडा होता, हा प्रश्नही सोबतच विचारावा लागतो.

केडगावचं काम पुढे निजामाच्या राज्यातही गेलं. मनोरमा यांनी गुलबर्ग्याला ख्रिस्ती शाळा सुरू केली. आजचे नांदेड आणि लातूर हे भागही तेव्हा त्याच हैदराबाद संस्थानात होते, आणि तिथे मुलींच्या शाळा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

भाकरीच्या भाषेतलं बायबल

आता तो प्रश्न. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, दोन हजार माणसांचा संसार सांभाळत, जवळपास बहिऱ्या झालेल्या रमाबाई हिब्रू आणि ग्रीक का शिकू लागल्या?

मराठीत बायबल नव्हतं असं नाही. विल्यम केरी आणि त्यांचे पंडित वैजनाथ यांनी सेरामपूरला एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मराठी भाषांतराला हात घातला होता. पुढे त्यावर बऱ्याच सुधारणा झाल्या. पण रमाबाईंच्या मते ते मराठी पंडिती होतं. खेड्यातून आलेल्या, नुकतीच अक्षरं जुळवायला शिकलेल्या मुलीला ते कळत नसे. शिवाय संस्कृत धार्मिक शब्द आपला जुना अर्थ सोबत घेऊन येतात आणि मूळ अर्थ झाकतात, असंही त्यांना वाटे.

संस्कृतवर एवढी हुकमत असलेल्या बाईने संस्कृत शब्द टाळायचे ठरवले. जी भाषा त्यांच्या आईने समाजाशी भांडून मिळवली, ती त्यांनी बाजूला ठेवली, कारण समोरच्या बाईपर्यंत ती पोहोचत नव्हती.

दुसरा निर्णय असा की इंग्रजीवरून भाषांतर करायचं नाही. मूळ भाषेतूनच करायचं. म्हणून हिब्रू आणि ग्रीक. व्याकरण, कोश, तुलना, पुन्हा मसुदा. एवढ्या मोठ्या ग्रंथाचं काम सहसा विद्वानांची मंडळं करतात. इथे एक बाई संस्थेचा कारभार बघता बघता पंधराहून जास्त वर्षं ते करत राहिली. खिळे जुळवणं, छपाई, बांधणी, सगळं मुक्तीच्या छापखान्यात तिथल्याच बायकांनी केलं. ज्यांना काही वर्षांपूर्वी स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, त्यांच्या हातून ही पानं जात होती.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेल्या. वयाच्या चाळिसाव्या वर्षी. संस्था त्यांच्याच हाती सोपवायची असं ठरलेलं होतं. रमाबाईंनी आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा आणि आता एकुलती मुलगी, सगळ्यांना निरोप दिला होता. त्यांची स्वतःची तब्येतही ढासळली होती. तरी मुद्रितांचं काम थांबलं नाही.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचं केडगावात निधन झालं. भाषांतराचं काम पुरं करूनच त्या गेल्या. मुक्तीत तर असं सांगितलं जातं की शेवटच्या आजारात त्यांनी देवाकडे दहा दिवस मागितले होते आणि दहाव्या दिवशी शेवटचं मुद्रित तपासून झालं. संपूर्ण बायबल छापून बाहेर आलं ते १९२४ मध्ये.

हे भाषांतर मराठी चर्चमध्ये सर्वत्र रुळलं नाही. बहुतेक ठिकाणी बायबल सोसायटीचीच आवृत्ती वापरात राहिली. पण मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून अख्खं बायबल आपल्या भाषेत आणणारी बाई म्हणून रमाबाईंचं नाव जगात फार थोड्यांच्या पंक्तीत बसतं. चर्च ऑफ इंग्लंडने आपल्या दिनदर्शिकेत ३० एप्रिल हा दिवस त्यांच्या स्मरणासाठी ठेवलाय, आणि तिथे त्यांची ओळख बायबलच्या भाषांतरकार अशी दिली आहे. एकेकाळी याच चर्चच्या बिशपांनी त्यांना शिकवण्यापासून अडवलं होतं.

भारत सरकारने १९८९ मध्ये त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. आपल्याकडे मात्र त्या दोन्ही बाजूंनी अर्ध्याच उरल्या. सुधारणेच्या इतिहासाने त्यांची शाळा घेतली आणि प्रार्थना गाळली. चर्चने प्रार्थना घेतली आणि तिचे प्रश्न गाळले. रमाबाईंनी स्वतः यातलं काहीच गाळलं नव्हतं.

केडगावचं मुक्ती मिशन आजही सुरू आहे. निराधार मुली आणि बायका आजही तिथे राहतात, शिकतात.